भूगोल येतो, पण उत्तर लिहिता येत नाही!



परीक्षा जवळ आली की भूगोलाबद्दल एक तक्रार घरोघरी ऐकू येते. "रिकाम्या जागा, जोड्या, नकाशा सगळं येतं हो त्याला. मोठी उत्तरं आली की पेन थांबतो." किंवा, "तोंडी विचारलं तर घडाघडा सांगते, पेपरात मात्र एक ओळ लिहून येते." यावर घरी आणि शाळेतही एकच औषध दिलं जातं : अजून पाठ कर. वही पुन्हा वाच, दहा वेळा लिहून काढ.

माझं मत थोडं वेगळं आहे. पाठांतर कमी पडलं म्हणून मुलं अडत नाहीत. उत्तर स्वतः तयार करायची वेळच त्यांच्यावर कधी आलेली नसते, म्हणून ती अडतात. पाचवी आणि आठवीला आता पुन्हा वार्षिक परीक्षा आहे. दहावीला भूगोलाचा ४० गुणांचा स्वतंत्र पेपर असतो आणि त्यात भौगोलिक कारणे व सविस्तर उत्तरे यांचा वाटा मोठा असतो. तेव्हा या प्रश्नाकडे जरा थांबून बघायला हवं असं मला वाटतं.

नेमकं अडतं कुठं?

आपल्या भूगोलाच्या पुस्तकात धड्याच्या मध्येमध्ये 'सांगा पाहू', 'जरा डोके चालवा', 'करून पहा' अशा चौकटी आहेत. त्यानंतर 'भौगोलिक स्पष्टीकरण' येतं आणि सर्वांत शेवटी स्वाध्याय. पुस्तक करणाऱ्यांनी हा क्रम विचारपूर्वक ठेवलेला आहे. मुलाने आधी बघावं, बोलावं, अंदाज बांधावा, मग कारण समजून घ्यावं आणि शेवटी लिहावं.

प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी काय होतं? धडा वाचला जातो, चौकटी वेळेअभावी राहतात आणि गाडी थेट स्वाध्यायावर येते. स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर येतात, फळ्यावरून वहीत जातात. वही तपासून होते, लाल सही होते. घरी गाईड असतं, त्यात तीच उत्तरं थोड्या वेगळ्या शब्दांत असतात. म्हणजे जून ते मार्च या काळात मुलाने वहीत पन्नास उत्तरं *उतरवून* घेतलेली असतात, पण एकही *लिहिलेलं* नसतं. आणि परीक्षेत आपण त्याला सांगतो, आता लिही.

सायकल चालवणाऱ्याकडे वर्षभर नुसतं बघत राहून कुणाला सायकल येत नाही. उत्तर लिहिण्याचंही तसंच आहे.

साखळी तुटते कुठं ते बघा

एक नेहमीचं भौगोलिक कारण घेऊ. *सह्याद्रीच्या पूर्वेकडील भागात पाऊस कमी पडतो.*

मुलांचं स्वतःचं उत्तर साधारण असं येतं : "डोंगर ढगांना अडवतो म्हणून पलीकडं पाऊस पडत नाही."

हे उत्तर चूक म्हणून खोडायचं का? अजिबात नाही. यात अर्धं खरं आहे आणि अर्धं राहून गेलेलं आहे. इथे शिक्षकाचं खरं काम सुरू होतं. फळ्यावर तयार उत्तर लिहिण्याऐवजी एकच प्रश्न विचारायचा : "अडवतो म्हणजे नेमकं काय होतं रे?" मग मुलं बोलायला लागतात. वारा डोंगराला धडकतो. धडकून कुठं जाणार? वर. वर गेल्यावर काय? थंड होतो. थंड झाल्यावर त्यातल्या बाष्पाचं काय? थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, ते प्रत्येक मुलाने पाहिलेलं असतं. मग पाऊस कुठं पडला? डोंगराच्या अलीकडं आणि माथ्यावर. आता तोच वारा पलीकडं उतरला. त्याच्यात बाष्प किती उरलं? थोडंसं. शिवाय उतरताना हवा तापते, त्यामुळे उरलेल्या बाष्पाचेही ढग बनणं अवघड होतं.

हे सगळं फळ्यावर बाणांनी मांडायचं :

समुद्रावरून बाष्पयुक्त वारे → सह्याद्रीमुळे वर → हवा थंड → सांद्रीभवन → घाटमाथ्यावर भरपूर पाऊस → पलीकडे उतरणारी कोरडी, तापणारी हवा → पाऊस कमी

या सात पायऱ्या मुलाला पाठ कराव्या लागत नाहीत, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघते. मधली एखादी विसरली तरी "मग काय झालं?" असं स्वतःला विचारून ती परत सापडते. पाठ केलेल्या परिच्छेदाचं तसं नसतं. त्यातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं. पेन थांबतो तो इथेच.

याला जोड म्हणून जवळचं उदाहरण द्या. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास. जिल्हा एक, पावसाळा एक, वारेही तेच. मधे सह्याद्री आहे, एवढाच फरक! हे उदाहरण उत्तरात आलं की तपासणाऱ्यालाही कळतं की मुलाला समजलेलं आहे.

पाठांतर दगा देतं ते असं

दहावीला भारत आणि ब्राझील यांचा तुलनात्मक भूगोल आहे. तिथे दोन कारणं मुलं हमखास एकमेकांत मिसळतात. सह्याद्रीतून पश्चिमेला वाहणाऱ्या नद्या त्रिभुज प्रदेश तयार करत नाहीत, हे एक. ॲमेझॉनच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश नाही, हे दुसरं. निष्कर्ष सारखाच, पण कारणं जवळजवळ उलटी आहेत.

वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका या नद्या आखूड आहेत, तीव्र उतारावरून वेगाने येतात, गाळ फारसा साठू शकत नाही आणि मुखाशी खाड्या आहेत. ॲमेझॉन मात्र प्रचंड गाळ आणते. पण तिचं मुख अतिशय रुंद आहे आणि किनाऱ्याजवळचे सागरी प्रवाह तो गाळ वाहून नेतात, साचू देत नाहीत.

पाठ केलेलं मूल ॲमेझॉनलाही "गाळ कमी आणते" असं लिहून मोकळं होतं. समजलेलं मूल दोनच प्रश्न विचारतं : गाळ किती येतो? आलेला गाळ मुखाशी टिकतो का? या दोन प्रश्नांवर गंगेचा त्रिभुज प्रदेशही सुटतो, नर्मदेची खाडीही सुटते आणि उद्या पेपरात अनोळखी नदी आली तरी मूल घाबरत नाही.

तसंच काळ्या मृदेचं. "लाव्हापासून बेसॉल्ट झाला, त्याची झीज होऊन काळी मृदा झाली" हे वाक्य वहीत सगळ्यांच्या असतं. मग वर्गात विचारून बघा, रायगड-रत्नागिरीतही खाली बेसॉल्टच आहे, मग तिथे जांभी मृदा कशी? वर्ग गप्प होतो. ही शांतता फार मौल्यवान आहे बरं का! थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच, "तिकडं पाऊस जास्त आहे ना." बरोबर. जास्त पावसाने विद्राव्य घटक झिरपून निघून जातात, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरतात आणि मातीला तांबूस रंग येतो. म्हणजे मृदेच्या उत्तरात खडकाबरोबर हवामानही लिहावं लागतं. हे मुलाने स्वतः शोधलेलं असतं, त्यामुळे ते विसरत नाही.

प्रश्न काय विचारतोय?

कित्येकदा मुलाला उत्तर माहीत असतं, पण प्रश्नाचा रोख कळलेला नसतो. *कारणे लिहा*, *परिणाम सांगा*, *फरक स्पष्ट करा*, *टीप लिहा* या चार सूचना वेगळ्या आहेत, हे आपण स्वतंत्रपणे शिकवतो का?

भौगोलिक कारणात दिलेलं विधान हा शेवट असतो. मुलाने सुरुवात सांगायची असते. पण अनेक मुलं तेच विधान शब्द फिरवून पुन्हा लिहितात. शेवटी "म्हणून सह्याद्रीच्या पूर्वेकडील भागात पाऊस कमी पडतो" असं लिहायची जी पद्धत आहे ती ठीक आहे, पण वरती साखळी हवी. नुसत्या "म्हणून"ला गुण नसतात.

फरकाच्या प्रश्नातली गंमत तर प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. खारे वारे आणि मतलई वारे. डाव्या बाजूला "खारे वारे दिवसा वाहतात" आणि उजव्या बाजूला समोरच "मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात". दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण फरक झालाच नाही! एकीकडे वेळ सांगितली, दुसरीकडे दिशा. यावर साधा उपाय म्हणजे दोनाऐवजी तीन रकाने आखायचे. पहिल्या रकान्यात मुद्दा : वेळ, दिशा, कारण. मग प्रत्येक मुद्द्यासमोर दोन्हीकडची माहिती भरायची. दिवसा–रात्री. समुद्राकडून जमिनीकडे–जमिनीकडून समुद्राकडे. जमीन लवकर तापते–जमीन लवकर थंड होते. चार-पाच वेळा असं केलं की मुलं नंतर तो पहिला रकाना मनातच आखतात.

सविस्तर उत्तराची भीतीही अशीच कमी होते. "इथे लोकवस्ती दाट का, तिथे विरळ का" हा प्रश्न कोणत्याही इयत्तेत वेगवेगळ्या रूपांत येतो. मुलाला चार खिडक्या द्या : जमीन कशी आहे, हवामान कसं आहे, पाणी आणि शेती कशी आहे, रस्ते आणि रोजगार कसे आहेत. या चार खिडक्यांतून कोल्हापूर बघा, मग गडचिरोली बघा, मग ॲमेझॉनचं खोरं बघा. घनदाट जंगल, दमट हवा, जायला वाट अवघड, रोजगार मर्यादित. झाले चार मुद्दे! प्रत्येक मुद्द्यावर दोन वाक्यं लिहिली की सविस्तर उत्तर तयार. कच्च्या पानावर आधी चार शब्द लिहायचे आणि मगच उत्तराला हात घालायचा, ही सवय पाचवीपासून लावता येते.

मुलाची भाषा आणि पुस्तकाची भाषा

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा.

बीड, अहिल्यानगर भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि शेजारच्या कर्नाटकात जातात. त्या घरातल्या मुलाला विचारा, तुमच्याकडचे लोक गाव सोडून का जातात? ते सांगेल, "आमच्याकडं पाऊस नसतो. रान कोरडवाहू हाय. खरीप निघालं की हाताला काम नाही. तिकडं धरणाचं पाणी हाय, ऊस हाय, कारखाना हाय." या चार वाक्यांत पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, शेतीचा प्रकार आहे, हंगामी बेरोजगारी आहे, सिंचन आहे, उद्योगाचं स्थान आहे आणि हंगामी स्थलांतरही आहे. धड्याचा अर्धा भाग ते मूल जगून आलेलं आहे.

तेच मूल हेच शब्द पेपरात लिहायला धजत नाही. कारण त्याने एवढ्या वर्षांत एक गोष्ट शिकलेली असते : आपलं वाक्य चुकीचं असतं, फळ्यावरचं बरोबर असतं. आणि समजा त्याने लिहिलंच, तर "आमच्याकडं" आणि "हाय" दिसल्याबरोबर लाल पेन फिरतो. भूगोलाच्या उत्तराला शुद्धलेखनाची शिक्षा मिळते. ते मूल पुढच्या वेळी जागा कोरी सोडतं. कोऱ्या जागेवर कुणी लाल रेघ मारत नाही ना!

गुण जातात ते भरून काढता येतील. पण जे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचं कारण सांगायला कचरतं, त्याच्यासाठी भूगोल हा विषय उरतच नाही. उरतो तो फक्त पाठांतराचा बोजा.

याचा अर्थ पुस्तकी संज्ञा नकोत असा नाही. सांद्रीभवन, पर्जन्यछाया, स्थलांतर हे शब्द मुलाला यायलाच हवेत. पुढच्या परीक्षांत ते लागतातच आणि शास्त्राची भाषा ही त्याच्या हक्काची आहे. माझा आग्रह फक्त क्रमाचा आहे. आधी त्याच्या शब्दांत गोष्ट येऊ द्या, मग त्या गोष्टीला नाव द्या. "वाऱ्यातल्या बाष्पाचं पाणी झालं, याला म्हणतात सांद्रीभवन." नाव नंतर आलं की ते चिकटतं. आधी आलं की ते नुसता आवाज असतं.

"पण मॅडम, वेळ कुठं आहे?"

हा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे. दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळणारे शिक्षक आहेत, ऑनलाइन माहिती भरायची आहे, अभ्यासक्रम पुरा करायचा आहे. स्वाध्यायातला प्रत्येक प्रश्न असा चर्चा करून घेता येणार नाही, हे मान्यच.

पण आठवड्याला एक प्रश्न घेता येतो. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आधी जोडीत बोलायचं, मग बाणांची साखळी, मग वही-पुस्तक बंद ठेवून पाच ओळी, मग शेजाऱ्याशी अदलाबदल. शेजाऱ्याने एकच गोष्ट बघायची, साखळीतली कोणती कडी राहिली? सुरुवातीला वेळ जास्त जातो. सवय झाली की मुलं स्वतःच बाण काढायला लागतात आणि मग बाकीच्या प्रश्नांना आपल्याला उत्तर द्यावंच लागत नाही. मार्चमध्ये सराव परीक्षांवर आणि उजळणीवर जो वेळ जातो, तो इथे वाचतो.

दुसरा आक्षेप तपासणीचा. "शब्द वेगळे असले की गुण देताना गोंधळ होतो." निदान पहिली ते आठवीपर्यंत तरी हे आपल्याच हातात आहे. तीन गुणांच्या कारणाला तीन कड्या ठरवा. कडी आली की गुण द्या, ती कोणत्या शब्दांत आली ते बघू नका. शुद्धलेखनाच्या चुका दाखवा जरूर, पण गुण कापू नका. त्यासाठी मराठीचा पेपर आहे.

पालकांना दोन शब्द

पालकहो, वही पूर्ण आहे की नाही हे बघून समाधान मानू नका. पूर्ण वही म्हणजे पूर्ण समज नव्हे. एखाद्या वहीत उत्तर अर्धवट दिसलं, वाक्य तुमच्या मुलाच्या तोंडचं दिसलं, तर लगेच शाळेत तक्रार घेऊन जाऊ नका. ती कदाचित सगळ्या वहीतली सर्वांत मोलाची ओळ असेल.

घरी अभ्यास घेताना "म्हणून दाखव" म्हणण्याऐवजी "मला समजावून सांग" म्हणा. तुम्हाला भूगोल येत नसला तरी चालेल, उलट जास्त बरं. मधेमधे फक्त दोनच प्रश्न विचारा : "ते का?" आणि "मग काय झालं?" सांगून झालं की म्हणा, आता हेच पाच ओळींत लिही, पुस्तक न बघता. तेवढं पुरे.

प्रवासातही हे होतं. एसटीने घाट उतरताना मातीचा रंग बदलतो, घरांची छपरं बदलतात, शेतातलं पीक बदलतं. तेव्हा मोबाईल जरा बाजूला ठेवून विचारा, "असं का असेल?" उत्तर चुकलं तरी हरकत नाही.

शेवटी, शिक्षक मित्रांनो, येत्या आठवड्यात एकच करून बघू या. स्वाध्यायातलं एक भौगोलिक कारण निवडा आणि त्याचं उत्तर फळ्यावर लिहू नका. मुलांना बोलू द्या, बाण काढू द्या, मग त्यांच्या शब्दांत लिहू द्या. वह्या थोड्या ओबडधोबड दिसतील, प्रत्येकीत उत्तर वेगळं असेल, तपासायला जास्त वेळ लागेल. पण त्या वह्यांत आपल्याला पहिल्यांदा फळा नाही, मूल वाचायला मिळेल.